अण्णांची नखं

ओकिटिपुपा, नायजेरिया
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विजयमालास,

अनेक आशीर्वाद. फोन लावला की अण्णा तुझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि दर दोन मिनिटांनी ‘बद्री, जेवला का’ विचारतात. त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर काय बोलणार. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. इथे तेलगिरणीच्या वस्तीवर रेंज नाही. रविवारी बाजाराची गाडी निघते तेव्हा पत्र जाईल. तूही असंच पाठव.

अण्णांच्या हट्टाचं काय करायचं, असं तू विचारलंस. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणतात, हर्नियाचं ऑपरेशन महिनाभरात झालंच पाहिजे, नाहीतर आतडं अडकेल. अण्णा म्हणतात, ऑपरेशनात मेलो तर मूळ गावी, खडकवाकीला नेऊन जाळायचं, तशी शपथ घ्या, मग दवाखाना. मी चार दिवस विचार केला. बहात्तरच्या दुष्काळात ते तिथून, आष्टीकडून, घाटनांदूरला आले. निम्म्या गावाच्या विहिरी त्यांनी खोदल्या. माझा जन्म घाटनांदूरचा. खडकवाकी मी तीनदा पाहिली आहे. तरी घाटनांदुरात आपलं घर विचारायचं झालं तर ‘आष्टीवाल्यांचं’ असंच विचारावं लागतं. तेव्हा त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही, आणि तू एकटी मयत घेऊन एकशे ऐंशी किलोमीटर कशी जाणार हेही कळत नाही.

इथेही असंच एक प्रकरण चालू आहे. माझ्याबरोबर बॉयलरवर एफे नावाचा माणूस आहे, माझ्याच वयाचा. इथले मूळचे लोक योरुबा, जमिनी त्यांच्या. एफे उर्होबो. त्यांचा मुलूख पूर्वेला, बेनिन शहराच्या पलीकडे, एका दिवसाच्या वाटेवर. त्याचा आजा तेलताडाचे घड काढायला इकडे आला. कमरेला दोर बांधून झाडावर चढायचं, घड तोडायचा, तेल काढायचं. आपल्याकडची माणसं ऊसतोडीला जातात तसंच, फक्त हे लोक परत गेले नाहीत. रानात त्यांच्या वस्त्या आहेत. एफे बाजारात योरुबा बोलतो, गिरणीत मोडकी इंग्रजी, आईशी उर्होबो. त्याच्या मुलांना उर्होबो कळतं, बोलता येत नाही. इथले काही लोक त्यांना एका जुन्या नावाने हाक मारतात. ते त्यांना आवडत नाही, म्हणून मी लिहीत नाही.

एफेचे वडील जानेवारीत वारले. पन्नास वर्षं ते याच वस्तीवर होते. मयत दवाखान्यात बर्फात ठेवली आहे. उर्होबो मंडळींची सभा झाली आणि ठरलं की त्यांना मूळ गावीच नेऊन पुरायचं. जमिनीचा मालक अकिनोला नावाचा म्हातारा योरुबा आहे. तो रडत आला. म्हणाला, माझा मित्र होता, इथेच पुरा, मी जागा देतो. त्याची मुलं मागे उभी होती, ती काही बोलली नाहीत. नंतर एफेने मला सांगितलं, इथे माणसाला घराशेजारी पुरतात. कबर झाली की उद्या कुणी म्हणू शकतो, आमचा बाप इथे आहे, जमीन आमची. मला वाटत होतं हे लोक निव्वळ ओढीने गावी नेतात. त्यात थोडं शहाणपणही आहे.

पूर्वी रस्ता नव्हता तेव्हा मयत नेता येत नसे. मग मेलेल्याचे केस आणि नखं कापून कापडात बांधायची, जाणाऱ्या माणसाबरोबर गावी पाठवायची, आणि तिथे तेवढीच पुरायची. एफेच्या आजाचं असंच केलं होतं म्हणे. माणूस पोचला असं धरायचे.

अर्थात अण्णांना सांगण्यासारखं यात काही नाही.

तुझा,
बद्रीनाथ


घाटनांदूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी

ती. स्वरूप यांस,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. अण्णांना सांगण्यासारखं काही नाही असं तुम्ही लिहिलं होतं, पण ते शेवटी लिहिलं होतं. मी अण्णांना वरून खाली वाचून दाखवत होते, त्यामुळे ते वाक्य शेवटी आलं.

अण्णांनी ते केसानखांचं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “असं करत्यात व्हय? लई शहाणी माणसं हायती.” दुसऱ्या दिवशी बन्सी न्हाव्याला बोलावणं गेलं. डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून मिशीचे केस घेतले. नखं हातापायांची मिळून वीस. ती सगळी जुन्या पटक्याच्या तुकड्यात बांधून त्यांनी पुडी माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, “अण्णा, ते लोक मेलेल्या माणसाची पाठवतात.”

“मेल्यावर नखं कापायला तुला वेळ कुठं घावंल? लोकं चहा मागत्याल.”

ते खरं आहे.

मग त्यांनी सौदा सांगितला. ही पुडी खडकवाकीला आपल्या शेताच्या बांधावर, लिंबाखाली पुरायची. ती पुरली की ते दवाखान्यात भरती होतील, आणि पुढे काही झालं तर त्यांना इथेच जाळायचं, त्यांची तक्रार नाही. नाहीतर बेलभंडारा उचलून शपथ घे, म्हणाले. मी खोटी शपथ घेत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच मागतात. दुखणं लपवतात, पण परवा अंगणात अर्धा तास वाकून उभे होते. विचारलं तर म्हणाले, मुंग्या बघतोय.

तेव्हा पुडीच बरी. पुढच्या गुरुवारी अमावास्या आहे, औत बंद असतं, म्हणून तो दिवस मोकळा सापडतो आहे. तुमचं काय मत आहे ते कळवा. नाही कळवलं तरी मी जाणार आहे.

प्रियदर्शनीची लातूरला परीक्षा चालू आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीला हे सांगवत नाही.

विजयमाला


ओकिटिपुपा
रविवार, २३ फेब्रुवारी

चि. सौ. विजयमालास,

अनेक आशीर्वाद. तू जावंस असंच माझं मत आहे. माणसाचा जीव ज्या जागेत अडकला आहे ती जागा लहान असो की मोठी, देव ती मानतो असं मला वाटतं. फक्त नुसती पुडी पुरू नकोस, ते बरं दिसत नाही. जागेला हळदकुंकू वाहा, एक नारळ फोड, आणि जमलं तर थोडा वेळ डोळे मिटून बस.

बुधवारी महाशिवरात्र आहे. मी इथे उपास करणार आहे. एफेने विचारलं, दिवसभर काहीच खायचं नाही? म्हटलं, साबुदाणा चालतो, पण तो इथे मिळत नाही. तो म्हणाला, म्हणजे तुमचा देवही गावीच राहिला. संध्याकाळी परळीच्या वैजनाथाच्या फोटोसमोर नेहमीसारखा दिवा लावला.

परवा एफेच्या वडिलांना न्यायला त्यांच्या गावाहून गाडी येणार आहे.

तुझा,
बद्रीनाथ


घाटनांदूर
रविवार, २ मार्च

ती. स्वरूप यांस,

साष्टांग नमस्कार. मी सुखरूप घरी आले आहे, हे आधी सांगते.

गुरुवारी पहाटे निघाले. अंबाजोगाई, बीड, आष्टी अशा तीन एसट्या, आणि पुढे दुधाची गाडी. दुपारी तीनला खडकवाकीच्या शिवारात उतरले. आधी गावात जाऊन तुमच्या चुलतभावाला, बंकटभाऊजींना सांगायचं मनात होतं. पण शेत वाटेतच लागलं, आणि लिंब अण्णांनी सांगितला तिथेच होता. म्हटलं, आधी काम उरकू, मग चहाला जाऊ. ही माझी चूक.

खुरप्याने वीतभर खड्डा केला. तुम्ही लिहिल्याप्रमाणे हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा समोर बंकटभाऊजी उभे. आपल्या लग्नानंतर त्यांनी मला पाहिलेलं नाही.

“कोण हाय तू? काय पुरतीस हितं?”

मी डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं, “सासऱ्यांची नखं.”

खरं सांगितलं की काम सोपं होतं, असं मला आजवर वाटत आलं होतं.

अर्ध्या तासात बांधावर चाळीसपन्नास माणसं जमली. बायका ज्वारीची काढणी सोडून आल्या. अमावास्या, हळदकुंकू, नारळ, केस, नखं. एवढं सगळं एका जागी बघितल्यावर मलाही ते करणीसारखंच दिसायला लागलं. पोलीस पाटील आले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, “बाई, घाबरू नका. कुणी सांगितलं हे करायला?”

मी म्हटलं, “आमच्या मालकांचं पत्र आहे.” आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. वाटलं, लेखी पुरावा आहे.

त्यांनी तुमचं ९ तारखेचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. त्यांचं वाचन चांगलं आहे. ‘केस आणि नखं कापून कापडात बांधायची’ इथे आल्यावर थांबले.

“हे कुठनं आलंय?”

“नायजेरियातून.”

“म्हंजे कुठं?”

“आफ्रिकेत.”

मागून एक बाई म्हणाली, “आगं माय, हितल्या करण्या कमी पडल्या व्हय.”

बंकटभाऊजी म्हणाले, “पाटील, करणी असंल नायतर नसंल. हे जमिनीचं हाय. सातबाऱ्यावर काकाचं नाव आजून हाय. आज नखं पुरली, उद्या म्हणत्याल आमचा माणूस हितं हाय. पुरायचं तर आधी कागद करा, का आमचा हक्क न्हाई.”

तुमच्या त्या अकिनोलाच्या मुलांना कळवा, त्यांचा एक भाऊ इकडे आहे.

मी म्हटलं, “भाऊजी, नखांचा कागद होत नाही. आणि दुसऱ्याच्या वतीने मी सही करत नाही.”

तेवढ्यात दोन बायकांनी धरून एका म्हातारीला आणलं. बंकटभाऊजींच्या आई, केशरबाई. अण्णांच्या थोरल्या भावजय. त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी पुडी मागितली. कुणी देईना, कुणी हात लावायलाच तयार नव्हतं, म्हणून मीच दिली. त्यांनी ती सोडली आणि नखं बोटांनी एकेक चाचपली. एक नख त्यांनी वर धरलं. अंगठ्याचं, मधोमध चिरलेलं.

“हे सटवा भावजीचं हाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या लग्नात मांडवाची मेढ रवताना पहार लागलती. तवा धा वर्साचं होतं ते. रडलं न्हाई. नवरी बघायला पळत आलं तसंच रगताचं.” मग मला विचारलं, “गेलं का गं?”

“नाही. जिवंत आहेत.”

“मग नखं कावून आणली? पाय मोडलेत व्हय त्याचे?”

लोक हळूहळू पांगले. पोलीस पाटलांनी नारळाचा प्रसाद घेतला, बाकी कुणी घेतला नाही. मुक्काम बंकटभाऊजींकडेच केला. जेवण चांगलं होतं, पण माझं ताट वेगळं वाढलं आणि माझ्यासमोर कुणी नखं खाल्ली नाहीत की केस विंचरले नाहीत. पुडी पुरू दिली नाही. केशरबाईंनी ती उशाशी, कोनाड्यात ठेवून घेतली.

घरी आल्यावर अण्णांनी पहिलं हेच विचारलं, “पुरली?” मी खरं ते सांगितलं.

“म्हंजे आजून पोचलो न्हाई,” म्हणाले, आणि कूस बदलून पडून राहिले. दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. डॉक्टरांनी १७ तारीख दिली आहे. त्यानंतर जबाबदारी आमची नाही, म्हणाले.

विजयमाला


ओकिटिपुपा
रविवार, ९ मार्च

चि. सौ. विजयमालास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी बाजारात तेलाच्या डब्यावर बसून तीनदा वाचलं. हळदकुंकवाचा सल्ला माझा होता. मी शिवरात्रीच्याच विचारात होतो, तू लिहिलेली अमावास्या ध्यानात धरली नाही. तुला जो त्रास झाला त्याचं पाप मला लागतं.

एफे परत आला. वडिलांना न्यायला गावाहून चौदा माणसं आली होती, सगळ्यांचे एकाच कापडाचे अंगरखे. वस्तीवरचे योरुबा शेजारी रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. अकिनोला म्हातारा काठी टेकत पुढे होता. गावी गेल्यावर मात्र एफेची गंमत झाली. तिथल्या पोरांनी त्याचं बोलणं ऐकलं आणि आत पळत जाऊन सांगितलं, योरुबा पाहुणे आलेत. इथे पन्नास वर्षं उर्होबो म्हणून राहायचं आणि तिथे गेलं की योरुबा. मी म्हटलं, वाईट वाटलं असेल. तो म्हणाला, वडिलांना पुरलं त्यांनी नीट, मला काय म्हणतात त्याचं काय. मग त्याने मला विचारलं, तुझं काय?

त्याचं उत्तर देताना एक गोष्ट आठवली, ती तुला सांगितलेली नाही. एप्रिलमध्ये करार संपतो आणि मी येतो, असं मी म्हणत होतो. जानेवारीतच मी आणखी एका वर्षासाठी सही केली आहे. फोनवर अण्णा शेजारी असतात, म्हणून सांगितलं नाही असं मी स्वतःला सांगत होतो. पत्र लिहायला लागलो तरी सांगितलं नाही, तेव्हा ते कारण नव्हतं. परत आल्यावर साखर कारखान्यात हंगामी फिटर म्हणून पुन्हा रांगेत उभं राहायचं, याची मला भीती वाटते. एवढंच आहे.

अण्णांना उचलून दवाखान्यात ने. माझी शपथ घाल.

तुझा,
बद्रीनाथ


अंबाजोगाई, दवाखाना
गुरुवार, २० मार्च

ती. स्वरूप यांस,

साष्टांग नमस्कार. सोमवारी ऑपरेशन झालं. अण्णा ठीक आहेत. आज पेज घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले.

तुमची शपथ घातली नाही. अण्णांना उचलून नेणं कुणाला जमणार, आणि तुमच्या सहीचं कळल्यावर शपथेला किती वजन राहिलं असतं ते मला सांगता येत नाही. त्या सहीबद्दल मी रागावले आहे. ते आल्यावर बोलू.

झालं असं. १२ तारखेला सकाळी दारात जीप थांबली. आतून बंकटभाऊजी उतरले आणि मागून केशरबाईंना उतरवून घेतलं. भाऊजींच्या हातात पुडी. ती त्यांनी अण्णांच्या खाटेवर ठेवली आणि लांब उभे राहिले.

“काका, ही तुमची नखं. ती आल्यापसून म्हस पान्हवत न्हाई.”

अण्णा म्हणाले, “म्हशीचं वय काय?”

“सातवं वेत झालंय.”

“मग म्हस इकायला झालीय, बंकट. नखाला नाव ठिवू नको.”

केशरबाई खाटेच्या काठावर बसल्या. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला, अंगठा चाचपला, आणि म्हणाल्या, “भावजी, त्रेपन्न वर्सं झाली. एकदा तरी यायचं.”

“बोलवलंस का कवा?”

“आपल्या घरी यायला बोलवणं लागतं व्हय?”

“आपलं हाय का न्हाई, तेच तर कळंना.”

बंकटभाऊजी जमिनीकडे बघत होते. मी चहा केला. मग भाऊजींनी कप खाली ठेवला.

“काका, जमिनीचं मी बोललो त्ये बोललो. कागद कवातरी करावा लागंल. पण तुमचं काय झालं तर वहिनीनं फकस्त फोन करायचा. मी गाडी घिऊन येतो. रात असू दे, पाऊस असू दे. तुमाला बांधावर नेतो, लिंबाखाली. आई म्होरं हाय, खोटं बोलत न्हाई.”

आणि देवघरातला भंडारा मला मागून घेतला, बेलाचं पान ठेवलं आणि उचलला. मी जी शपथ महिनाभर टाळली ती त्यांनी चहाच्या कपाशेजारी उभं राहून घेतली.

अण्णांनी तो भंडारा कपाळाला लावला. मग मला म्हणाले, “सूनबाई, दवाखान्याची पिशवी भर.”

जाताना भाऊजींनी जीपच्या काचेतून विचारलं, “मग काका, ठरलं ना? तिकडंच?”

“कशाला एवढ्या लांब,” अण्णा म्हणाले. “तू डिझेल जाळशील, मी लाकडं. हितं ज्यांच्या हिरी खांदल्या त्यांना दोन खांदे द्यायला काय झालं. तू येतो म्हणालास, झालं काम.”

भाऊजींना काही कळलं नाही. मलाही पहिल्यांदा कळलं नाही. ते गेल्यावर अण्णांनी पुडी सोडली, नखं उकिरड्यावर टाकायला लावली आणि पटक्याचा तुकडा धुऊन ठेव म्हणाले, चांगला आहे.

सोमवारी ऑपरेशनच्या आधी त्यांना चाकाच्या खाटेवर घेतलं. दारापाशी नेता नेता त्यांनी थांबायला सांगितलं. मला वाटलं काही राहिलं असेल, पाण्याचं नाहीतर कवळीचं. ते म्हणाले, “माझं ठरलं. त्या काळ्या माणसाच्या बापाचं ठरलं. बद्रीचं त्यो बघंल. सूनबाई, तुझं काय?”

मी म्हटलं, “माझं काय?”

“तू धर्मापुरीची. हितं आणली आमी. तुला कुठं न्यायचं?”

लग्नाला चोवीस वर्षं झाली. हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. नर्सने खाट ढकलली आणि दार लागलं.

दीड तास बाहेरच्या बाकावर बसून होते. देवाचं नाव घ्यायचं सोडून मी त्याचाच विचार केला. माहेरचं देऊळ आठवलं, त्याच्या पायऱ्या आठवल्या. घाटनांदूरचं घर आठवलं. तुम्हीही आठवलात, पण तुम्हाला कुठलं धरायचं ते ठरेना.

संध्याकाळी अण्णा नीट शुद्धीवर आले. पाणी मागितलं. चमचाभर दिलं.

“मग?” म्हणाले.

मी म्हटलं, “हे येऊ देत. दोघांना एकदमच सांगते.”

त्यांनी थोडा विचार केला. “म्हंजे मला तवर थांबावं लागंल.”

“हो,” मी म्हटलं.

विजयमाला